कोण यादीत येतो? ठिपक्यांचा भुंगेरा आणि काडीकिडा

'खरीप' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. ओमानच्या दक्षिणेला, धोफारमध्ये, 'खरीफ' म्हणजे आजही पावसाळाच. जून ते सप्टेंबर आपलाच नैऋत्य वारा तिथल्या डोंगरांना धडकतो, धुकं उतरतं आणि वाळवंटाच्या कडेला चक्क जंगल हिरवं होतं. त्यातला मुख्य वृक्ष आपल्या धावड्याचा जवळचा नातेवाईक.

धोफारचं युद्ध १९७५-७६च्या सुमारास संपलं आणि १९७७मध्ये तिथे प्राणी-वनस्पतींची पाहणी झाली. अहवाल १९८०चा. पण अशा पाहणीत सापडतं कोण?

जमिनीवर धावणारा भुंगेरा हमखास सापडतो. अरबस्तानात काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला अँथिया आहे. त्याचा सहा ठिपक्यांचा भारतीय भाऊबंद फॅब्रिशियसने १७७५मध्येच नोंदवला. याला उडता येत नाही, पण लपायचीही गरज नाही. डिवचलं की फॉर्मिक आम्लाची पिचकारी! ते ठिपके म्हणजे धोक्याची पाटीच. जमिनीत काठापर्यंत पेला पुरून ठेवला की रात्री चालता चालता आत पडतो.

काडीकिडा त्या पेल्यात क्वचितच येणार. तो दिवसभर फांदीवर काडी होऊन बसतो, वाऱ्यात झुलतोसुद्धा. त्याला शोधायचं तर रात्री टॉर्च घ्या, नाहीतर झुडपाखाली चादर धरून फांद्या झोडपा. भारतातला सगळ्यात प्रसिद्ध काडीकिडा, काराउशियस मोरोसस, तमिळनाडूतल्या शेंबागनूरचा. त्याला नाव मिळालं १९०१मध्ये, म्हणजे फॅब्रिशियसनंतर १२६ वर्षांनी. (सगळा दोष लपण्याला देत नाही, कोण कुठे गोळा करत होतं, हेही आहेच.) पुढे मात्र तो जगभर गेला, कारण मादी नराशिवाय अंडी घालते. युरोपात शाळेत बरणीत आयव्हीची पानं खाणारा किडा पाहिला असेल, तर बहुधा हाच.

मला खटकतं ते हे, की यादीत नाही म्हणजे जंगलात नाही, असं आपण सहज धरून चालतो. धोफारमध्ये उंट आणि गाईगुरांच्या चराईने झाडोरा विरळ होतोय. भुंगेरा उघड्यावरही पळेल. पानाफांद्यांत लपणाऱ्याचं तसं नाही, आणि नोंदच नसेल तर तो गेल्याचं कळणार कसं?

खरीफमध्ये सलालाला जाणार असाल तर रात्री एखादं झुडूप दहा मिनिटं टॉर्चने नीट बघा. काही दिसलं तर फोटो काढा आणि सोबत तारीख, जागा लिहून ठेवा.