गुण कशाने आला?

कल्याणहून मुरबाड-शहापूरकडे जाताना कोंबडीपालनाच्या शेड दिसतात. आत जमिनीवर भाताच्या तुसाची गादी पसरलेली असते. पावसाळ्यात ती ओलसर झाली, की कधी कधी पिलांच्या विष्ठेत रक्त दिसू लागते. हीच रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. यावर कोणी हळद सुचवतो, कोणी लसूण, कोणी ताक; आणि 'आठवड्यात गुण आला' असेही सांगतो. हा गुण खरोखर कशाने येतो? या प्रश्नावर शास्त्रज्ञही चकले होते.

रोगाचे कारण आहे आयमेरिया हा एकपेशीय परजीवी. अमेरिकेतील टिझर यांनी १९२९ मध्ये कोंबडीत आढळणाऱ्या त्याच्या काही जाती वेगळ्या करून दाखवल्या. विष्ठेतून बाहेर पडलेल्या त्याच्या सूक्ष्म पुटी ऊब, ओल व प्राणवायू मिळाला की साधारण दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. दाण्याबरोबर त्या पिलाच्या पोटात जातात. परजीवी आतड्याच्या पेशींत वाढतो, त्या फोडतो आणि सुमारे आठवड्याने नव्या पुटींच्या रूपाने बाहेर पडतो. तेथे त्याचे चक्र संपते. पुन्हा संसर्ग झाला नाही, तर वाचलेले पिलू आपोआप सुधारते. शिवाय परजीवीच्या त्या जातीपुरती प्रतिकारशक्तीही मिळवते. म्हणजे मधल्या काळात काहीही खाऊ घातले, तरी श्रेय त्यालाच!

१९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बीच यांनी खाद्यात दुधाची भुकटी मिसळण्याचा उपाय पुढे आणला. तो बराच लोकप्रिय झाला; पण पुढच्या काटेकोर प्रयोगांत ही आशा टिकली नाही. १९३० च्या दशकात गंधकाची पाळी आली. त्याने रोगाला आळा बसे, पण जास्त गंधकाने पिलांना मुडदूस होई. १९३९ मध्ये लेव्हिन यांनी सल्फानिलमाइडचा उपयोग दाखवला. १९४८ मध्ये सल्फाक्विनॉक्झलिन थेट खाद्यात मिसळले जाऊ लागले. औषध खरे होते, पण त्याला दाद न देणारे परजीवीही निपजले. मग १९५२ मध्ये अमेरिकेत जिवंत पुटींची लस बाजारात आली. थोडा संसर्ग मुद्दाम देऊन पिलाचीच शक्ती जागवणे, हे तिचे तत्त्व.

आज आर्टेमिसिया, ओरेगॅनो, हळद अशा वनस्पतींवर पुन्हा प्रयोग होत आहेत. काहींत फायदा दिसतो, काहींत नाही. त्यांना हसण्याचे कारण नाही. पण प्रत्येक दाव्याला एक प्रश्न विचारायला हवा: हे न दिलेल्या, तशाच आजारी पिलांचे काय झाले?

तुलनेचा गट का लागतो, हे वर्गात शिकवायला याहून जवळचे उदाहरण कोणते? आणि प्रयोगाचा निकाल लागेपर्यंत शेडमधले तूस कोरडे ठेवावे. पुटींना ओल लागते, हे तर पक्के ठाऊक आहे.