आईचा सूर आणि अपुऱ्या दिवसांचें बाळ

नगर जिल्ह्यांतील नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हें सर्वश्रुत आहे. परंतु ज्या ओवीला ज्ञानदेवांनीं तेथें ग्रंथाचें वैभव दिलें, ती मुळांत बायकांच्या कंठांतली, हें आम्ही सहसा विसरतों. त्यापूर्वीं दीडशें वर्षांहून अधिक काळ, ११२९ च्या सुमारास झालेल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. मुसळ, जातें आणि पाळणा हीं ओवीचीं माहेरें. मांडीवर मूल निजवून दळणारी आई एकाच गाण्यानें जातें ओढी आणि मुलास जोजवी.

पण ज्या बाळास मांडीवर निजण्याचेंही बळ नाहीं, त्याचें काय? सदतीस आठवडे भरण्यापूर्वीं जन्मलेलें मूल अपुऱ्या दिवसांचें समजतात. त्याच्या अंगीं उष्णता टिकत नाहीं, दूध ओढण्याची शक्ति नसते, श्वासही अडखळतो. जुन्या घरांतून अशा बाळास कापसांत गुंडाळून उबेंत ठेवीत. तें गेलें, तर सटवाईच्या लिखितावर बोल ठेवून आई डोळे पुशी.

या लिखितास पहिला मोठा शह १८८० च्या सुमारास पॅरिस शहरांत मिळाला. स्तेफान तार्निए या प्रसूतिवैद्यानें कोंबडीचीं अंडीं उबविण्याची पेटी पाहिली आणि तशीच पेटी बालकांसाठीं करविली. त्याचा शिष्य प्येर बुदँ यानें आईनें जवळ राहावें, अंगावर पाजावें, असा आग्रह धरला होता. पुढें मात्र जंतुसंसर्गाच्या भयानें रुग्णालयांनीं दार लावून घेतलें. बाळ वांचूं लागलें. पण आई कांचेबाहेर उभी राहिली. आंत यंत्रांचा अखंड घरघराट! तो इतका वाढला कीं, १९९७ सालीं अमेरिकेंतील बालवैद्यांच्या संस्थेस, अशा कक्षांतील आवाज ४५ डेसिबेलच्या वर जाऊं नये, अशी शिफारस करावी लागली.

वस्तुतः गर्भास सहाव्या महिन्याच्या सुमारास ऐकूं येऊं लागतें. आईच्या हृदयाचे ठोके आणि तिचा शब्द हेंच त्याचें पहिलें संगीत. नवजात बालक परक्या स्त्रीच्या आवाजाहून आईचा आवाज अधिक पसंत करतें, असें डीकॅस्पर व फायफर या संशोधकांनीं १९८० सालीं दाखवून दिलें. अकाली जन्मलेल्या बाळास या संगीतापासून आठवडेच्या आठवडे आधींच तोडलें जातें. म्हणूनच संगीतोपचाराचा विचार पुढें आला. जोॲन लोवी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१३ सालीं अकरा रुग्णालयांतील २७२ बालकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आईबापांच्या आवडीचें अंगाईगीत बाळाजवळ प्रत्यक्ष गाइलें असतां त्याच्या हृदयाची गति शांत झाली, आणि आईबापांची चिंताही उणावली.

परंतु यावरून संगीतास रामबाण ठरविणें हा उतावळेपणा होईल. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पांच देशांतील दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासांत, अशा उपचारानें आईचा मुलाशीं असलेला बंध अधिक दृढ झाल्याचें दिसलें नाहीं. सुरानें ऊब येत नाहीं, कीं दूध उतरत नाहीं. सूर आईच्या सान्निध्याचा एक अंश आहे. मोल आहे तें त्या सान्निध्याचें. १९७८ सालीं कोलंबियांतील बोगोता येथें पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हां एद्गार रेय यांनीं बाळास आईच्याच उघड्या छातीशीं बांधण्याची रीत सुरू केली. २०२१ सालीं भारतासह पांच देशांतील प्रयोगांत, जन्मल्याबरोबर ही रीत अवलंबिल्यास कमी वजनाच्या बालकांचे मृत्यु सुमारें चतुर्थांशानें घटतात, असें आढळून आलें.

अगदीं साध्या साधनांनीं केवढें काम होतें, याचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे. ज्यांच्या नांवानें २०२४ पासून जिल्ह्यास अहिल्यानगर म्हणतात, त्या अहिल्याबाईंचें जन्मगांव चौंडी जामखेड तालुक्यांत. याच जामखेडास १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दंपतीनें काम आरंभिलें, तेव्हां तेथें हजारीं १७६ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत. गांवानें निवडलेल्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांस त्यांनीं सुईणपण, बाळाची ऊब आणि स्तनपान यांचें ज्ञान दिलें. दोन-तीन दशकांत तो आंकडा तिसाच्या खालीं आला. १९७९ सालीं या दंपतीस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. जामखेडचें काम संगीताचें नव्हे. पण आईजवळ बसणारी शेजारीण हीच उपचाराचें पहिलें साधन, हा त्याचा धडा येथेंही लागू आहे.

आणि येथेंच एक चिंता वाटते. पिठाची गिरणी आली, जातें थांबलें, आणि ओवी घरांतून उठली. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनीं खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या गोळा केल्या, हें मोठें ऋण. पण संग्रहांतली ओवी बाळास जोजवीत नाहीं. रुग्णालयानें भिंतीवर ध्वनिक्षेपक टांगून गीतें वाजविलीं, तर यंत्रांच्या गलबल्यांत आणखी एका यंत्राची भर पडेल, इतकेंच. हवें तें याहून स्वस्त आहे: पेटीशेजारीं आईसाठीं एक खुर्ची, बाळ छातीशीं धरण्याची मुभा, आणि हात धुऊन आंत येणाऱ्या आजीला दाराशीं अडवूं नये. आईला ओवी येत नसेल. आजीला अद्याप येते. आईनें ती आजच शिकून घ्यावी.