फ्लेमिंगो घरट्यावर बसतो कसा? दोनशे वर्षं टिकलेली एक चूक

पुढे वाचण्याआधी एक काम करा. कागद घ्या आणि घरट्यावर अंडं उबवणारा फ्लेमिंगो काढा. चित्र चांगलं आलं नाही तरी चालेल. पाय कुठे जातात, एवढं मात्र ठरवा.

बहुतेकांची पेन्सिल पायांपाशीच अडते, आणि ते साहजिक आहे. आपण ठाण्याच्या खाडीत किंवा उजनीच्या पाणथळीत फ्लेमिंगो पाहतो (रोहित म्हणा, अग्निपंख म्हणा) तो उभा, मान खाली घालून चिखल गाळणारा. इथं तो पोट भरायला येतो, संसार मांडायला नाही. घरटं म्हणजे चिखलाचा छोटा बुरूज आणि माथ्यावर खळगा. एवढे लांब पाय त्या खळग्यात मावणार कसे? मग आपण ते घरट्याच्या दोन्ही बाजूंना खाली सोडून देतो, घोड्यावर बसल्यासारखे. तुम्हीही तसंच काढलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. युरोपातल्या पुस्तकांत असंच चित्र पिढ्यान्‌पिढ्या छापलं जात होतं.

त्याचा उगम शोधत गेलं की आपण पोचतो विल्यम डॅम्पियर या इंग्लिश खलाशापाशी. हा गडी अर्धा समुद्री चाचा, पण नजर पक्क्या निसर्ग-अभ्यासकाची. 1683 साली त्याचं जहाज आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्डे बेटांपैकी साल या बेटावर थांबलं. तिथं त्याला फ्लेमिंगो भेटले. 1697 मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात त्यांच्यावर चांगला मोठा परिच्छेद आहे. उथळ पाण्यात पक्षी चिखल ओढून उंचवटा करतात, तो वर निमुळता होत जातो, माथ्यावर अंड्यासाठी खळगा ठेवतात. पिल्लं राखाडी असतात, त्यांना लवकर उडता येत नाही, पण पळतात मात्र भन्नाट. मांस काळपट, खायला बरं. जीभ मोठी, मुळाशी चरबीचा गोळा असलेली, आणि अशा जिभांची एक थाळी राजाच्या पंगतीला शोभेल!

आणि उबवण्याबद्दल? तो म्हणतो, पक्षी उंचवट्याला टेकून उभा राहतो, पाय खाली पाण्यात, आणि पार्श्वभागाने खळगा झाकतो. अंडी दोन घालतो, सहसा कमी नाही, जास्त तर नाहीच.

आता त्याच्या लिखाणातलं पुढचं वाक्य बघा. त्यात तो कारण देतो: पाय इतके लांब आहेत की ते घरट्यात ओढून घेणं सोयीचं नाही, म्हणून निसर्गाने ही युक्ती दिली आहे. इथं थांबा. पाहिलेल्या गोष्टीला 'म्हणून' लागत नाही. पिल्लं राखाडी असतात हे सांगताना डॅम्पियरने कारण दिलेलं नाही. ती त्याने पाहिली होती. उबवण्याच्या बैठकीला मात्र त्याला युक्तिवाद लागला. माझा कयास असा की इथं त्याने घरटं पाहिलं, पाय पाहिले, आणि मधली जागा डोक्याने भरून काढली. युक्तिवाद चांगलाच होता. म्हणून तर टिकला.

पुढच्या शतकात मार्क केट्सबीने अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या आणि बहामा बेटांवरच्या जिवांवर मोठा सचित्र ग्रंथ केला. त्यात फ्लेमिंगो पाय खाली सोडून बसतो, माणूस स्टुलावर बसतो तसा. गंमत लक्षात आली का? डॅम्पियरचा पक्षी टेकून उभा होता, केट्सबीचा बसला. गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात जाताना सरकली, आणि सरकताना आणखी पटण्याजोगी झाली. स्टुलाची उपमा कोण विसरणार?

ही बैठक मोडली 1883 मध्ये, स्पेनच्या दक्षिणेला. ग्वादलक्विव्हिर नदीच्या मुखाजवळ मैलोन्‌मैल पसरलेल्या खाऱ्या पाणथळीला तिथं मारिस्मा म्हणतात. एबल चॅपमन हा शिकारी आणि पक्षिनिरीक्षक तिथं फ्लेमिंगोंच्या वसाहतीपर्यंत पोचला, आणि त्याने दुर्बिणीतून पाहिलं ते सरळ होतं: पक्षी इतर पक्ष्यांसारखेच बसले होते. पाय अंगाखाली दुमडलेले, आणि दुमडलेला सांधा मागे शेपटीच्या आसपास बाहेर आलेला. शिवाय कित्येक घरटी चिखलापासून जेमतेम दोन-तीन इंच वर होती. एवढ्याशा ओट्यावरून ते लांबलचक पाय लोंबकळणार तरी कुठे? पुढच्याच वर्षी त्याने हे 'आयबिस' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. 1904 मध्ये बहामातल्या अँड्रॉस बेटावर फ्रँक चॅपमनने (आडनाव सारखं, माणूस वेगळा) वसाहतीत आडोशाला बसून छायाचित्रं काढली, आणि वाद संपला.

शरीररचना आधीच नीट विचारात घेतली असती तरी शंका आली असती. फ्लेमिंगोच्या पायाच्या मध्यावर जो उलटा वाकणारा 'गुडघा' दिसतो तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत, पोटाला लागून लपलेला असतो. बसताना घोट्यापासून खालचा भाग आडवा पडतो, पंजा पुढे आणि घोटा मागे. अडचण कसलीच नाही. आई आणि बाप दोघंही आळीपाळीने असेच बसतात, साधारण महिनाभर. अंडं एकच.

मग दोनशे वर्षं कुणी जाऊन पाहिलं कसं नाही? याचं उत्तर पक्ष्याच्या जगण्यातच आहे. फ्लेमिंगो घरटी करतो ती कोल्ह्या-तरसांना सहज पोचता येणार नाही अशा जागी: खारट तळी, मैलभर रुतणारा चिखल, प्यायला गोडं पाणी नाही, झाडाची सावली नाही. त्यात पाण्याचा भरवसा नसतो. एखाद्या वर्षी हजारो जोड्या येतात, पुढे कित्येक वर्षं कुणीच नाही. जी जागा कोल्ह्याला अवघड, ती अभ्यासकालाही अवघडच.

किती अवघड ते लेस्ली ब्राउनला विचारावं. केनियात शेती खात्यात नोकरी करणारा हा पक्षिवेडा माणूस. पूर्व आफ्रिकेच्या सोडा-सरोवरांवर लहान फ्लेमिंगो लाखोंनी दिसत, पण ते अंडी कुठे घालतात हे पक्षिशास्त्राला ठाऊक नव्हतं. 1954 मध्ये ब्राउनला विमानातून नेट्रॉन सरोवरावर, म्हणजे आजच्या टांझानियात, त्यांची वसाहत दिसली. घरट्यांपर्यंत चालत जायचं ठरवून तो सरोवरात उतरला. वरून कडक दिसणारा सोड्याचा थर पायाखाली फुटत होता, खाली दुर्गंधी येणारा चिखल. बुटांत सोड्याचे खडे शिरले आणि कातडी जाळत गेले. घरट्यांपर्यंत तो पोचलाच नाही. कसाबसा परत आला, पायांची कातडी गेली होती. रुग्णालयात राहावं लागलं, कातडी बसवावी लागली. हे सगळं त्याने पुढे 1959 साली पुस्तकात सांगितलं, फारसा गाजावाजा न करता.

आपल्याकडे मोठ्या फ्लेमिंगोची अशी जागा म्हणजे कच्छचं मोठं रण. 1945 मध्ये सालिम अली तिथल्या 'फ्लेमिंगो सिटी'त पोचले आणि पिल्लं धरून पाच लाखांच्या आसपास पक्षी असल्याचा अंदाज त्यांनी मांडला.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? माझ्या पहिल्या संशोधन-आढाव्यात मी एक आकडा घातला होता. मूळ लेखाचा संदर्भ दिला होता, पण आकडा उचलला होता दुसऱ्याच्या आढाव्यातून. सादरीकरणात एका परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "मूळ लेख वाचलाय?" मी "हो" म्हणालो. त्या रात्री तो लेख शोधून वाचला. आकडा होता, पण मोजलेला नव्हता. लेखकाने 'असावा' असं लिहिलं होतं. आढावा लिहिणाऱ्याने 'आहे' केलं, आणि मी त्याच्यापुढे ठळक अक्षरात 'आढळून आले' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, आता उरलेले संदर्भही तपास. एकूण त्रेसष्ट होते. तीन आठवडे गेले.

तेव्हापासून जुना लेख वाचताना मी दोन रंगांच्या पेन्सिली ठेवतो: लेखकाने पाहिलेलं एका रंगात, त्यावरून काढलेलं दुसऱ्या. डॅम्पियरच्या उताऱ्यावर हे करून पाहा. घरट्याचा आकार, पिल्लांचा रंग, त्यांची धाव, ती चरबीची जीभ हे सगळं पहिल्या रंगात जातं, आणि ते सगळं बरोबर आहे. जिभेच्या बाबतीत तर तो नकळत नेमक्या जागी पोचला होता. 1957 मध्ये पेनेलोपी जेन्किन यांनी फ्लेमिंगोच्या खाण्याचा सविस्तर अभ्यास छापला. चोचीतल्या गाळणीतून पाणी आत-बाहेर खेचणारा पंप म्हणजे तीच जाड, मांसल जीभ. डॅम्पियरने ती फक्त खाऊन पाहिली होती.