स्कॅनर चांगला, ड्रायव्हर म्हातारा

मंडळी, जुना फ्लॅटबेड स्कॅनर नव्या कॉम्प्युटरवर बंद पडला, तरी त्याची काच, दिवा, मोटर बहुतेकदा ठणठणीत असते. संपलेला असतो तो ड्रायव्हर.

१९९२ मध्ये 'ट्वेन' हे मानक आलं. त्यात स्कॅनरशी बोलणारा भाग आणि पडद्यावरची सेटिंगची खिडकी सहसा एकाच गाठोड्यात यायची, आणि ते गाठोडं बांधायचं कंपनीनं. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली. तिच्या ६४-बिट आवृत्तीत जुने ३२-बिट कर्नल ड्रायव्हर चालेनात. कंपनीनं नवा लिहिला नाही की चालतं यंत्र अडगळीत!

लिनक्सवाल्यांनी त्याआधीच, १९९० च्या दशकात, दुसरी वाट धरली होती. त्यांच्या 'सेन'मध्ये यंत्राशी बोलणारा भाग वेगळा आणि खिडकी वेगळी. म्हणूनच जुन्या पीसीला जोडलेला स्कॅनर नेटवर्कवरून नव्या लॅपटॉपवरही वापरता येतो. शिवाय कोड खुला, म्हणजे कंपनीनं हात वर केले तरी दुसरं कुणीतरी तो सांभाळू शकतं.

आमच्या आजोबांच्या हिशेबाच्या वह्या मी अशाच एका 'निकामी' स्कॅनरवर उतरवतोय. कागद पिवळा पडलाय, शाई फिकी होत चाललीय. थांबायला वेळ नाही.

तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी सेनच्या यादीत तुमचं मॉडेल एकदा शोधा बुवा.