गागोद्याच्या घरातली शाळा



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने कर्ज मागितलं. कारण विचारलं, तर म्हणाली, मुलाच्या शिकवणीसाठी. मुलगा कितवीत? दुसरीत. ताई म्हणाली, "याचे बाबा मुंबईला, महिन्यातून एकदा येतात. मी सातवीत शाळा सोडली. मी काय शिकवणार पोराला?" कर्ज मंजूर झालं. पण तिचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बैठकीतल्या निम्म्या बायकांनी त्या वाक्याला माना डोलावल्या होत्या.

म्हणून आज मी आपल्याच पेण तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा आपल्या खाडीवर पूल नव्हता. मुंबईच्या आगबोटी धरमतरच्या धक्क्याला लागायच्या आणि पुढचा प्रवास बैलगाडीने नाहीतर पायी. त्या काळात पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी एक मुलगा जन्मला. नाव विनायक. घरात त्याला विन्या म्हणत. पुढे जगाने त्याला आचार्य विनोबा भावे म्हणून ओळखलं.

विनोबांचे वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्याला असत. गागोद्याच्या घरात आजी-आजोबा, आई रुक्मिणीबाई आणि मुलं. म्हणजे बघा, बाप परगावी आणि पोरांचं सगळं आईकडे, हे काही आजचं नाही. रुक्मिणीबाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. पण विनोबांना पुढे जेव्हा जेव्हा कोणी त्यांच्या घडणीबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी आधी आईचं नाव घेतलं. भूदानाच्या पदयात्रेत गावोगावी बोलताना ते तिच्या आठवणी सांगायचे. म्हणूनच त्या घरातले साधे, रोजचे प्रसंग आज आपल्यापर्यंत आले आहेत.

पहिला प्रसंग तुळशीचा. सकाळी विन्या खायला मागायला आला की आई विचारायची, तुळशीला पाणी घातलंस का? घातलं नसेल तर आधी पाणी, मग खाणं. याला काही पैसा लागत नाही, शिक्षणही लागत नाही. लागतं ते एवढंच, की आईने हा नियम रोज पाळायला हवा. एक दिवस विचारलं आणि चार दिवस विसरलं, तर मूल ते बरोबर ओळखतं.

दुसरा प्रसंग फणसाचा. आपल्याकडे फणस पिकला की घरभर वास सुटतो आणि पोरांना धीर धरवत नाही. रुक्मिणीबाई फणस फोडायच्या, पण पहिले गरे घरात नाहीत. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पोचवायचे, आणि पोचवायचं काम विन्याचं. सगळ्यांचं देऊन झालं की मग घरच्यांनी खायचं. जो देतो तो देव आणि जो राखून ठेवतो तो राक्षस, असं ती मुलांना सांगायची. पुढे 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात भूमिहीन लोकांनी विनोबांकडे जमीन मागितली, आणि तिथल्याच एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं आणि विनोबा पुढची कित्येक वर्षं देशभर पायी फिरले. फणसातून भूदान निघालं असं मी म्हणणार नाही, इतकं सरळ काही नसतं. पण दारोदार जाऊन आधी दुसऱ्याला द्यायचं, याची सवय त्या पायांना लहानपणीच लागली होती.

तिसरा प्रसंग सावलीचा. एका रात्री भिंतीवर मोठी सावली दिसली आणि विन्या घाबरून आईकडे पळाला. आई रागावली नाही, हसलीही नाही. तिने समजावलं, की ती तर तुझी चाकर आहे. तू बसलास की ती बसते, तू उठलास की उठते. विन्याने करून पाहिलं आणि भीती गेली. मैत्रिणींनो, शाळेत यालाच प्रयोग म्हणतात.

चौथा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. दिवाळीला वडील बडोद्याहून येणार होते. आई म्हणाली होती, बाबा येताना खाऊ आणतील. विन्या वाट बघत बसला. वडील आले, त्यांनी पुडी हातात दिली. लाडू-पेढे असते तर पुडी गोल लागली असती, ही चांगलीच चपटी होती. उघडली, तर आत पुस्तकं निघाली, मुलांसाठीची रामायण-महाभारताची. पोर ती घेऊन आईकडे गेलं. आता इथे आई काय म्हणते, यावर सगळं होतं. "अगोबाई, एवढंच आणलं का," असं ती म्हणाली असती, तर पुस्तकं कोनाड्यात पडली असती. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी आणलेल्या खाऊपेक्षा चांगला खाऊ असूच शकत नाही, असं ती म्हणाली. त्या खाऊची गोडी विनोबांना जन्मभर पुरली.

साधारण 1905 साली हे कुटुंब बडोद्याला गेलं. तिथे रुक्मिणीबाई गीतेवरची प्रवचनं ऐकायला जात. संस्कृत कळेना, म्हणून त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. त्याने आणून दिलेलं भाषांतरही त्यांना जड वाटलं. तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या, मग तूच का करत नाहीस? 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्या गेल्या. मुलाने आईचं ते मागणं पुरं केलं ते 1930-31 मध्ये, 'गीताई' लिहून. गीता आणि आई, दोन्ही त्या एका नावात आहेत. मला कळत नाही, हे मुलापुढे मोकळेपणाने सांगणाऱ्या बाईचं ते स्मारक आहे.

आता तुम्ही म्हणाल, त्यांचं घर जमीनजुमल्याचं होतं, आजी-आजोबा पाठीशी होते. आम्हाला सकाळी सहाला कामावर जायचं असतं. हे अगदी खरं आहे. म्हणून खाडीपलीकडची एक गोष्टही सांगते. पोयनाडजवळ चरी गाव आहे. 27 ऑक्टोबर 1933 रोजी तिथे सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 25 गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचं थांबवलं. संप 1939 पर्यंत चालला. जंगलातली लाकडं विकून लोकांनी दिवस काढले. त्या लढ्याचा उल्लेख कूळ कायद्याच्या इतिहासात येतो. पण सहा वर्षं चूल कशी पेटली, उपाशी पोराची समजूत आईने कशी काढली, ते कुठे वाचायला मिळतं? त्या आया रुक्मिणीबाईंपेक्षा कमी नव्हत्या. त्यांच्या आठवणी सांगायला मोठा झालेला मुलगा नव्हता, इतकाच काय तो फरक.

म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनीही पोरं शिकवलीच. पेणच्या घराघरांत पोह्याचे पापड लाटताना पाढे म्हणून घेतले, खारेपाटात भात लावताना मोजायला शिकवलं. त्याला कोणी शिक्षण म्हटलं नाही, एवढंच.

त्या ताईच्या घरी मी परवा गेले होते. मुलगा शिकवणीला जातो आहे, जाऊ दे. शिकवणी वाईट नाही. पण मी तिला म्हटलं, संध्याकाळी भाकऱ्या करताना त्याला समोर बसव आणि शाळेत आज काय झालं ते त्याच्याकडून ऐक. समजलं नाही तर सरळ सांग, की बाळा, मला नाही कळलं, परत सांग. परत सांगताना त्याचाच धडा पक्का होईल. ती हसली आणि म्हणाली, "एवढंच? मग ते मला येतं."

तुमच्याही घरी असं काही असेल. घरात आजी असेल तर या रविवारी मुलांना तिच्याजवळ बसवा. लहानपणी तिला कोणी काय शिकवलं, ते मुलांना विचारू द्या आणि वहीत उतरवून घेऊ द्या. तो आपल्या गावाचा इतिहास आहे, आणि तो लिहायला दुसरीतलं अक्षरही पुरतं.