सुवर्णदुर्गासमोरची झाडं आणि तीनशे वर्षांपूर्वीचा एक नियम

आजचा भाग ऐकताना डोळ्यांसमोर हर्णे आणा. बंदरावर मासळीचा लिलाव चाललाय, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे, आणि सगळ्यांचे मोबाईल किल्ल्याकडे वळलेत. आज आपण जरा मागे वळू या आणि गावातल्या रस्त्याकडेच्या झाडांकडे बघू या.

किल्ल्याचा आणि झाडांचा काय संबंध? तर आरमार! आंग्र्यांच्या काळात सुवर्णदुर्ग हे आरमाराचं मोठं ठाणं होतं. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला. आता आरमार म्हटलं की गलबतं आली, आणि गलबतं म्हणजे लाकूडच लाकूड. मग दिसेल त्या आंब्यावर कुऱ्हाड चालवायची का?

याचं उत्तर 'आज्ञापत्रा'त आहे. 'महाराजांचा झाडांविषयीचा हुकूम' तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचला असेल. तो मजकूर खरं तर रामचंद्रपंत अमात्यांच्या या ग्रंथातला आहे, साधारण १७१५ च्या सुमाराचा. म्हणजे महाराजांच्या निधनानंतर तीस-पस्तीस वर्षांनी लिहिलेला. पण रीत शिवकाळात मुरलेल्या कारभाऱ्याने सांगितलेली आहे, म्हणून तिचं मोल मोठं.

त्यात सांगितलंय काय? आरमाराला सागवान वगैरे लागेल तेवढंच, परवानगीने घ्या. कमी पडलं तर बाहेरून विकत आणा. आंबा-फणसही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावू नका. कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडा.

म्हणजे तीन प्रश्न झाले. गरज किती? वाढायला वेळ किती लागला? आणि ज्याने वाढवलं त्याला विचारलं का?

आता आजचं बघू. महाराष्ट्रात वृक्षतोडीवर १९६४ चा कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ आहेत. शहरांसाठी वेगळा कायदा आला १९७५ मध्ये. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली: पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हा 'वारसा वृक्ष', आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावायची. पण हा झाला नगरपालिका-महानगरपालिकांचा कायदा. हर्णे ही ग्रामपंचायत. रस्ता शहरासारखा रुंद होणार, पण झाडांना शहराचं संरक्षण नाही!

आणि हिशेब बघा. शंभर वर्षांच्या झाडाबदली शंभर रोपं लावली, तरी एसटीची वाट बघत पाटी घेऊन उभ्या असलेल्या मावशीला उद्या सावली कुठून मिळणार? मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी होताना जुन्या झाडांच्या कमानी गेल्या, हे आईबाबांना विचारा, ते सांगतील.

मग रस्ते नकोत का? हवेतच. दवाखान्यात वेळेवर पोचायला हवेत, मासळी बाजारात न्यायला हवेत. पण २०२० मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या वाटेत सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड आला. लोकांनी आवाज उठवला आणि आखणी बदलली. म्हणजे रेषा सरकू शकते, पण वेळेत बोललं तर.

हर्णे-दापोलीच्या किनाऱ्याने त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ सोसलं. आंबा, नारळ, सुपारी, सगळं आडवं झालं. वादळाला जाब विचारता येत नाही. पण रेवस-रेड्डी सागरी महामार्ग याच किनाऱ्याने जातो, आणि रस्त्याला मात्र विचारता येतं.

म्हणून एक काम करा. तुमच्या गल्लीतल्या जुन्या झाडाचा फोटो काढा. छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळून घेर मोजा. ते कुणी लावलं, हे आजीला विचारून तिच्याच आवाजात रेकॉर्ड करा. उद्या आखणीचा कागद ग्रामसभेत आला, तर तुमच्याकडेही काहीतरी नोंद असेल.

भेटू पुढच्या भागात. तोवर सावलीत राहा!