नाव, ओळख आणि मात्रा : वनौषधीजन्य यकृत-वृक्क विकारांचा ऐतिहासिक मागोवा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर इतिहासात परिचित आहे ते त्यातील क्षारांमुळे. येथील पाण्यापासून काच व साबण यांसाठी लागणारे द्रव्य मिळत असल्याचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’त आढळतो. या क्षारांचे दल्ला, निमक-दल्ला, खुप्पल, पापडी व भुस्की असे प्रकार स्वतंत्र नावांनी ओळखले जात. दिसण्यात सारख्या वाटणाऱ्या पदार्थांतील भेद जाणणे हा लोकज्ञानाचा पाया होता. वनौषधींच्या बाबतीत हा पाया ढासळला म्हणजे काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ ही धारणा शास्त्रपरंपरेतील नव्हे. अपरिचित औषध विषासमान घातक ठरते, हा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानातच आलेला आहे. बेल्जियममध्ये १९९० नंतरच्या काळात त्याची विदारक प्रचिती आली. वजन घटविण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीऐवजी ‘ॲरिस्टोलोकिया’ प्रजातीतील वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची वृक्के निकामी झाली. आपल्याकडील सापसन अथवा ईश्वरी ही वनस्पती याच प्रजातीतील होय. २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या प्रजातीच्या वनस्पती असलेली औषधे कर्ककारक ठरविली.

महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण गुळवेलीचे आहे. करोनाकाळात प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून तिचे सेवन घरोघरी होऊ लागले. मुंबईत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात आढळलेल्या सहा यकृतदाहाच्या रुग्णांचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला व सेवन केलेल्या वनस्पतीची ओळख निश्चित केली नसल्याकडे लक्ष वेधले. गुळवेलीसारखीच दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही जाती यकृतास अपायकारक मानली जाते. तथापि २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा हा प्रश्न केवळ ओळखीच्या चुकीपुरता नसल्याचे सूचित झाले. प्रतिकारशक्तीला चेतना देणारे द्रव्य सुप्त स्वयंप्रतिरोधी विकार असलेल्या व्यक्तीत यकृतावरच उलटू शकते, अशी त्याची मीमांसा केली जाते. म्हणजेच औषधाची ओळख जितकी आवश्यक, तितकीच रुग्णाची प्रकृती, मात्रा व सेवनाचा कालावधी यांची जाण आवश्यक ठरते.

१९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधांना १९४० च्या औषध कायद्यात स्वतंत्र प्रकरण मिळाले. परंतु कुंपणावरून तोडलेली वेल कोणत्याही परवान्याच्या कक्षेत येत नाही. तिच्यावर पूर्वी वैद्याची नजर असे. आता ती जागा ऐकीव सल्ल्याने घेतली आहे.

वनौषधींना सरसकट दोषी ठरविणे जितके अनैतिहासिक, तितकेच त्यांना निर्दोष मानणेही होय. रुग्णाने घेतलेल्या काढ्याची व चूर्णाची नोंद दवाखान्यात व्हावी आणि नमुन्याची ओळख पटविण्यासाठी ग्रामीण महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र विभागांनी पुढे यावे. क्षाराच्या पाच प्रकारांना पाच नावे देणाऱ्या प्रदेशात ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.